अविरोध शाळा

सुचिता मॅडमना राग यायला तशी फार मोठी कारणं लागत नसत, पण हिवरदरीच्या वेशीवरची पाटी रोज सकाळी न चुकता त्यांचं डोकं फिरवायची. चिखलीहून अमडापूरच्या रस्त्याने स्कूटी दामटत त्या गावाशी आल्या की पहिलं दर्शन तिचंच. ‘अविरोध ग्रामपंचायत हिवरदरी आपले सहर्ष स्वागत करीत आहे.’ म्हणजे सरपंच निवडायला या गावात कित्येक वर्षांत कुणी बोटाला शाई लावून घेतलेली नाही, आणि त्याचा गावाला इतका हर्ष, की पाटीवर दोन्ही बाजूंना कमळं काढलेली.

अविरोधाची रीतही ठरलेली होती. निवडणूक लागली की मारुतीच्या पारावर बैठक बसायची आणि मधोमध उत्तमराव आबा. ज्याच्या अंगात उभं राहायची खुमखुमी असेल त्याला बोलावणं जायचं. आधी समजावणी, मग थोडा दम, मग एखादी कबुली, की तुझ्या घरासमोर नळ देतो, तुझ्या पोराला सोसायटीत चिकटवतो. शेवटी त्याला मारुतीच्या पायरीवर हात ठेवायला लावायचे, हातात नारळ द्यायचे, डोक्यावर टोपी चढवायचे आणि बसवायचे. फटाके वाजायचे. गावात तंटा नाही, असं आबा छातीवर हात ठेवून सांगत, आणि ते खोटं नव्हतं. बोलायचंच नाही म्हटल्यावर भांडण होणार कुठून?

अशा गावच्या जिल्हा परिषद शाळेत सुचिता मॅडम नागरिकशास्त्र शिकवत. हा विषय म्हणजे इतिहासाच्या पुस्तकाच्या शेपटाला बांधलेला डबा. इतिहास संपता संपता परीक्षा येते, मग नागरिकशास्त्राचे प्रश्न फळ्यावर लिहून द्यायचे, पोरांनी पाठ करायचे, ‘लोकशाहीत जनता सर्वोच्च असते’ असं लिहून गुण मिळवायचे आणि घरी जाऊन आबांच्या पाया पडायचं. मुख्याध्यापक भागवत सर तर स्पष्टच म्हणत, “मॅडम, गणिताकडे बघा. लोकशाही काय, ती मोठेपणी येतेच.” कुठून येते, वाशीमच्या गाडीने? मॅडमना विचारावंसं वाटे, पण वरिष्ठांना असं विचारत नाहीत.

यंदा मात्र त्यांनी हट्टच धरला. शाळेचं मंत्रिमंडळ दरवर्षी वर्गशिक्षकांनी बोट दाखवलं की ठरायचं. यंदा खरी निवडणूक घ्यायची. अर्ज भरायचे, प्रचार करायचा, मोबाइलवर मतदान यंत्रासारखं चालणारं अ‍ॅप घ्यायचं, उमेदवाराच्या चिन्हासमोर बटण दाबलं की टूं असा आवाज येईल, बोटाला मार्करची शाई लागेल. पंधरा ऑगस्टला निवडून आलेला मुख्यमंत्री शपथ घेईल. भागवत सरांनी फोटो चांगले येतील एवढ्या हिशेबावर होकार दिला.

आठवीतले तिघे उभे राहिले. आबांचा नातू प्रज्वल, त्याला मैदानावर क्रिकेटची खेळपट्टी हवी होती. राजकुमार, त्याचं म्हणणं एवढंच की सहल तिसऱ्यांदा लोणारला नेऊ नका. आणि तिसरी संजीवनी. कोकिळाबाईंची ही पोर, घरची वांगी-मेथी डोक्यावर घेऊन अमडापूरच्या बाजारात बसणारी, आवाजाने खणखणीत. ती परिपाठाला सगळ्यांसमोर उभी राहिली आणि तिनं एकच वाक्य म्हटलं. “मी निवडून आली तर पोरींच्या संडासचं कुलूप उघडीन.”

पोरं हसली. पोरी मात्र हसल्या नाहीत, आणि मॅडमही.

कारण त्या कुलपाशी त्यांनी दोन वर्षं डोकं आपटून पाहिलं होतं. शाळेमागे मुलींसाठी नवं स्वच्छतागृह बांधलं होतं. गुलाबी फरशी, आरसा, पाण्याची टाकी, दारावर हसऱ्या मुलीचं चित्र. बांधलं, फीत कापली आणि कुलूप लावलं. किल्ली आबांच्या खिशात, आणि मागायला गेलं की त्यांचं उत्तर एकच, ‘पाहू’. शाळा व्यवस्थापन समितीच्या अध्यक्ष कागदावर आबांच्या सूनबाई होत्या, पण बैठकीला आबाच यायचे. त्यांचं म्हणणं, पोरी घाण करतात, साहेब लोक आले की दाखवायला काय राहील? नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा म्हणतात, इथे तर सोनूबाईच्या हातात सोन्याचाच वाळा होता, फक्त तो घालायची बंदी होती. मोठ्या वर्गांतल्या पोरी शाळेमागच्या सोयाबीनच्या धुऱ्याआड, म्हणजे शेताच्या बांधामागे जायच्या. बऱ्याच जणी दिवसभर पाणीच प्यायच्या नाहीत. महिन्यातल्या त्या दिवसांत संजीवनीसकट निम्म्या पोरी शाळेला दांडी मारायच्या, आणि भागवत सर पालकसभेत म्हणायचे की मुलींच्या गळतीचं कारण समजत नाही.

मतदानाच्या दिवशी मॅडम सहा मोबाइल घेऊन निघाल्या. नवऱ्याचा, नणंदेचा, शेजारणीचा, जिथून मिळाला तिथून मागून आणलेले. पिशवीत मार्कर, पुठ्ठ्याचा आडोसा, सुतळी. रस्ताभर त्या स्वतःशीच हसत होत्या. पोरी पोरांपेक्षा दोनाने जास्त आहेत, हे त्यांनी मोजून ठेवलं होतं. शिक्षकाने असं मोजू नये, पण मोजलं होतं.

फाटकाशीच सहावीतली पोरं ओरडत आली. “मॅडम, मॅडम, आपली शाळा अविरोध झाली!”

व्हरांड्यात प्रज्वल गळ्यात झेंडूची माळ घालून उभा होता. राजकुमारच्या आणि संजीवनीच्या हातात एकेक नारळ. पोरांचे चेहरे असे फुललेले, की मॅडम आता पाठ थोपटणार याची सगळ्यांना खात्रीच. तेच मॅडमना जास्त लागलं. पोरांनी खोडी काढली असती तर रागावता आलं असतं. त्यांनी तर लोकशाही म्हणून जी आयुष्यभर पाहिली तीच करून दाखवली होती.

“काय झालं? मला नीट सांगा,” त्या म्हणाल्या.

राजकुमारनं सांगितलं. “काल आबानं मारुतीवर बोलावलं मॅडम. आमी तिघंबी गेलो. आबा म्हणे, गावात फूट नाई अन् तुमी शाळेत काऊन पाडून राह्यले बे? मंग मले कॅप्टन करतो म्हणे. मी बसलो.”

“आणि तू?” मॅडमनी संजीवनीकडे पाहिलं.

“मलेबी कबूल केलं मॅडम. किल्ली शाळेत देतो म्हणे, पंधरा ऑगस्टले. पायरीवर हात ठेवला आबानं. मले मुख्यमंत्री नव्हतं व्हायचं. मले कुलूपच उघडायचं होतं. मंग उभी राहून काय करू?”

पोरीचा हिशेब चोख होता. चूक कुठे आहे ते त्यांना दिसत होतं, पण चौदा वर्षांच्या पोरीला सांगता येईल असं नव्हतं.

त्या तरातरा मुख्याध्यापकांच्या खोलीत गेल्या. भागवत सर फोनवर वार्ताहराशी बोलत होते. “हो हो, तालुक्यातली पहिली अविरोध शाळा, अगदी तसंच छापा.” फोन ठेवून ते म्हणाले, “मॅडम, तुमच्या उपक्रमाचं सोनं झालं!”

“सर, मतदान घेऊ. मोबाइल आणलेत मी. पोरांना एकदा बटण तर दाबू द्या.”

“एकच उमेदवार उरला तर मतदान होत नसतं. हे तुम्हीच शिकवता ना?”

खरंच होतं. त्यांनीच शिकवलं होतं. मॅडमना वाटलं, पिशवीतले सहाही मोबाइल भिंतीवर आपटावेत, पण त्यातला एकही त्यांचा नव्हता. मग फोटो निघाला. भागवत सरांनी त्यांना मधोमध उभं केलं, त्या उभ्या राहिल्या, आणि दुसऱ्या दिवशी पेपरात त्या अविरोध शाळेच्या मार्गदर्शिका म्हणून दात दाखवत होत्या.

संध्याकाळी त्या कोकिळाबाईंच्या मळ्यात गेल्या. बाई वांग्याच्या ओळीत वाकून खुरपत होती. मॅडमना पाहून ती उठली नाही.

“कोकिळाताई, संजीवनी निवडून आली असती. तिला बसू द्यायला नको होतं.”

“मीच म्हटलं तिले, बस म्हणून,” कोकिळा म्हणाली. “हे पाणी दिसते ना मॅडम? हे नळीनं आबाच्या धुऱ्यावरून येते. आबानं उद्या म्हटलं, नळी काढा, तर हे वांगं काय तुमच्या पुस्तकावर पिकवू?”

“पण ताई, ही तर शाळेतली निवडणूक. त्यात आबा काय…”

“तुमी पाच वाजले की गाडीले किक मारता अन् चिखलीले जाता. आमाले इथंच राहा लागते.” तिनं पदरानं तोंड पुसलं आणि आवाज जरा खाली आणला. “पोरगी चांगली बोलते. मले नाई का वाटत? पण तुमी तिले उभं करान, अन् पडली म्हणजे उचलाले मीच.”

उंटावरून शेळ्या हाकणाऱ्या बाईला यावर काय बोलता येणार? मॅडमनी कोकिळाबाईनं दिलेली मेथीची जुडी घेतली आणि त्या निघाल्या. चिखलीपर्यंत त्या आबांना एकाहून एक सडेतोड उत्तरं देत राहिल्या. हेल्मेटच्या आत माणूस फार चांगलं बोलतो.

पंधरा ऑगस्टला झेंडावंदन झालं आणि आबांनी शब्द पाळला. स्वतः चालत गेले, नारळ फोडला आणि कुलूप काढलं. पोरींनी इतक्या टाळ्या वाजवल्या की झाडावरचे कावळे उडाले. आबा मॅडमकडे वळून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “पाह्यलं मॅडम? एक मत पडलं नाई, अन् काम झालं. तुमच्या निवडणुकीनं काय झालं असतं? निस्ती दुश्मनी.”

मॅडमनीही टाळ्या वाजवल्या. त्यांना पोरींचा आनंद दिसत होता, आणि त्या आनंदावर आपण चिडलो आहोत याचीही चीड येत होती. घरी नवरा म्हणाला, “झालं ना उघडं? मग आता तुझं घोडं कुठे पेंड खातंय?” त्यांनी पोळी ताटात आपटली.

मग पोळ्याच्या सुट्टीनंतर शाळा भरली, तर दारावर पुन्हा कुलूप. आता नवं, मोठं, पितळी.

भागवत सर म्हणाले, “स्वच्छ शाळेची तपासणी आहे मॅडम. समिती येणार. तोवर कोणी वापरू नये, असं आबांचं म्हणणं. स्वच्छ दिसायला नको का?”

“सर, वापरायचंच नाही तर स्वच्छ कुणासाठी?”

“समितीसाठी,” सर अगदी सरळपणे म्हणाले.

“समिती कधी येणार?”

“ते कळवत नसतात. अचानक येतात.”

मधल्या सुट्टीत त्यांनी प्रज्वलला गाठलं. पोरगा वाईट नव्हता. मान खाली घालून म्हणाला, “मी आबाले म्हटलं मॅडम. दोनदा म्हटलं. म्हटलं, मी मुख्यमंत्री हावो, पोरी मले विचारून राह्यल्या. त आबा म्हणे, तुले मुख्यमंत्री कोनं केलं? म्या केलं. मंग पोरीले काऊन भेतं, मले भे.”

इतकी वर्षं मॅडम जे फळ्यावर लिहून शिकवत आल्या होत्या, ते म्हाताऱ्याने नातवाला एका दमात शिकवून टाकलं होतं. ज्यानं निवडलं त्यालाच उत्तर द्यायचं. या शाळेत पोरींनी कुणाला निवडलंच नव्हतं, मग त्या जाब कुणाला विचारणार? नारळ तेवढा घरी गेला होता आणि त्याची चटणी केव्हाच खाऊन झाली होती.

त्या दिवशी शाळा सुटल्यावर संजीवनी स्कूटीशी येऊन उभी राहिली. मागे आणखी चार-पाच पोरी.

“मॅडम, आता काय करायचं?”

मॅडम दिवसभराच्या वैतागानं थकल्या होत्या. भागवत सरांनी जाता जाता हसत हसत सुनावलं होतं, की बदल्यांची यादी लागायची आहे, आणि सिंदखेडराजाकडची गावं फार लांब पडतात. “पुढच्या वर्षी निवडणूक घेऊ,” त्या म्हणाल्या. “या वेळी नीट घेऊ. कोणी पारावर जायचं नाही.”

“पुढच्या वर्षी मी अमडापूरच्या हायस्कूलात असन मॅडम. ही शाळा तं आठवीलोकच हाये.”

“हो… पण बाकीच्या असतील ना. पाहू.”

‘पाहू.’ आबांच्या तोंडचा शब्द. तो आपल्या तोंडून निघाला हे कळेपर्यंत त्यांनी किक मारली होती, आणि आरशात पोरी तशाच उभ्या दिसत होत्या.

दोन दिवसांनी जेवणाच्या सुट्टीनंतर घंटा झाली, तरी सहावी ते आठवीच्या वर्गांत एकही पोरगी नव्हती. मॅडम व्हरांड्यात आल्या. “कुठे गेल्या सगळ्या?”

“आबाच्या घरी,” राजकुमार म्हणाला. “डबे घेऊन.”

मॅडम चपला पायात सरकवत धावल्याच. मारुतीच्या पाराला वळसा घालून आबांच्या दाराशी पोचल्या, तर अंगणात रांग. मोठ्या वर्गांतल्या चौदाही पोरी, एकामागे एक, परिपाठाला उभ्या राहतात तशा. प्रत्येकीच्या हातात पाण्याचा डबा. ओसरीत आबा दोन-चार मंडळींबरोबर सुपारी कातरत बसलेले, आणि अडकित्ता हातातच थांबलेला. रांगेत सगळ्यात पुढे संजीवनी.

“आबा, किल्ली तुमच्यापाशीच राहू द्या,” ती म्हणत होती. “शाळेतलं चांगलं राहू द्या समितीले. आमाले तुमच्या घरचं संडास वापरू द्या. रोज मधल्या सुट्टीत येऊ. पाणी आमचं आमी आणलं.”

ओसरीतल्या एका पाहुण्याला हसू आवरेना, त्यानं खोकल्याचं निमित्त केलं. आबा उसळले. “लाज हाये का? पोरीच्या जातीनं असं सांगत फिराव काय?”

आतून आबांच्या पत्नी सुभद्राबाई आल्या. साठीच्या, कधी ओसरीवर चार माणसांत न बोललेल्या. त्यांनी रांग पाहिली, डबे पाहिले, आणि न्हाणीघराकडचं दार उघडून धरलं. “ये व माय, तू पह्यली ये,” त्या संजीवनीच्या मागच्या लहानगीला म्हणाल्या. आबांनी डोळे वटारले तेव्हा त्या म्हणाल्या, “लेकीबाळीले नाई म्हणू? मंग तुमीच जा सोयाबीनमंधी, कसं वाटते ते पाहून या.”

आबांनी फोन लावला, तसे भागवत सर मोटारसायकल उडवत आले. रस्त्यावर माणसं जमू लागली होती. आबांनी कमरेच्या पिशवीतून किल्ली काढली आणि सरांच्या पायाशी टाकली. “घ्या तुमची किल्ली! लावा, उघडा, काय पाह्यजे ते करा. पण हे पोरीले कोनं शिकवलं, तेवढं नाव मले पाह्यजे.”

सरांनी किल्ली उचलली आणि मान वर करून थेट मॅडमकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. “मॅडम, हे तुम्ही शिकवलं?”

मॅडमना बदलीची यादी आठवली, सिंदखेडराजाचा रस्ता आठवला, घरचं सगळं आठवलं. पण त्या ‘पाहू’ची चव अजून जिभेवर होती. “हो सर. मीच शिकवलं,” त्या म्हणाल्या, आणि बऱ्याच दिवसांनी त्यांना स्वतःचा राग आला नाही.

“नाई सर,” संजीवनी लगेच म्हणाली. “मॅडमनं नाई. मॅडम तं म्हणे पुढच्या वर्षी पाहू.”

आबांच्या ओसरीत, साऱ्या गावासमोर, त्या खणखणीत आवाजात. मॅडमचे कान तापले. मघाशी छातीत भरलेली हवा सुर्रकन निघून गेली. मारली असती पोरीला, आणि मिठीही मारली असती.

“मग कोणी सांगितलं?” सर ओरडले.

“कोणीच नाई. काल आमी पोरी वर्गात थांबलो अन् हात वर करून ठरवलं. अकरा जणी जाऊ म्हणे. तिघी नको म्हणे, त्याईले तुमचं भेव वाटे.”

आबांचा चेहरा जरा निवळला. ही वाट त्यांच्या ओळखीची होती. त्यांनी अडकित्ता खाली ठेवला, रांगेवरून नजर फिरवली आणि मायेनं विचारलं, “त्या तिघी शहाण्या कोण्या हायेत? सांगा व बायांनो. इकडं या, माह्याजवळ बसा.”

रांगेतलं कुणी हललं नाही.

“त्याबी इथंच हायेत आबा, रांगेत,” संजीवनी म्हणाली. “ठरलं म्हटल्यावर याच लागते.”